बसायला या

हौसा फणसाच्या आठळ्या घेऊन आली तेव्हा ऋत्विक माझ्या पडवीत चहा पीत होता. ती दहा मिनिटं उशिरा आली असती तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला अजून वाटतं. मग वाटतं, घडलं ते वाईट होतं का? इथेच माझा गोंधळ सुरू होतो, म्हणून पहिल्यापासून सांगते.

ऋत्विक मालगुंडचा. तिथल्या शाळेत मी शिकवत होते तेव्हा तो माझ्या वर्गात होता. आता बंगळूरला मनाच्या आजारांचा डॉक्टर आहे, व्यसनांवर संशोधन करतो. गावी आला की रत्नागिरीत उतरून आधी मला भेटतो, मग पुढे जातो. हौसा माझी शेजारीण, माहेरची खेडकडची. मिरकरवाडा बंदराच्या वरच्या चढणीला आमची दोघींची घरं, मध्ये फक्त कमरेएवढा दगडी गडगा. तिचा नवरा भागोजी फारुकशेठच्या लाँचवर तांडेल. लाँच त्याच्या हातात, जाळं कुठे टाकायचं तेही तोच ठरवणार. पाण्यावर हुशार माणूस. जमिनीवर आला की दारू.

गेल्या मोसमात ती दारू पाण्यावरही गेली. सुकाणूवर त्याला डुलकी लागली, लाँच खडकाला घासली आणि एका खलाशाचा हात मोडला. फारुकशेठने तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "पावसाळ्याची मासेमारीबंदी उठेल त्या दिवशी मी येऊन तुझं तोंड हुंगणार. वास आला तर सुकाणू दुसऱ्याच्या हातात." बंदी उठते एक ऑगस्टला. ऋत्विक आला तो जुलैचा तिसरा आठवडा होता आणि भागोजी रोज संध्याकाळी पाचला न चुकता बसत होता.

हा शब्द जरा नीट समजून घ्यायला हवा. आमच्याकडे बाया 'बसायला' जातात ते कुणाच्या घरी मयत झालं की, नाहीतर मोठं आजारपण असलं की. पुरुष 'बसतात' ते मध्ये बाटली ठेवून. एका क्रियापदाचे किती अर्थ होतात ते मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवायची. हा बाटलीचा अर्थ तेवढा गाळायची.

तर मी ऋत्विकला विचारलं, "काय रे, तुमच्या शास्त्रात दारूवर काही नवीन निघालंय का?"

त्याने कप खाली ठेवला. "निघालंय असं नाही म्हणता येणार, बाई. बघणं चाललंय. परदेशात एका जातीच्या अळंबीत सापडणारं द्रव्य देऊन बघतायत. सायलोसायबिन."

"कोण सायबीण?" हौसाने विचारलं. ती आठळ्या ओतायच्या थांबली होती.

"सायबीण नाही, काकी, औषधाचं नाव आहे ते. घेतल्यावर माणसाला काही तास वेगळंच दिसतं, वेगळंच वाटतं. रंग, आवाज, कधीकाळच्या आठवणी. नंतर काही जणांची दारू बरीच कमी झाली, असं दिसलंय. सगळ्यांची नाही. आणि कशाने कमी झाली तेही पुरतं कळलेलं नाही. औषधाने, की आधी आणि नंतर कित्येक आठवडे त्यांच्याशी बोलतात त्याने, की दोन्हींनी."

"गोळी देऊन घरी पाठवतात?" मी विचारलं.

"छे! दिवसभर एका खोलीत आडवं करतात. डोळ्यांवर पट्टी, कानाला संगीत. आणि पूर्ण वेळ दोन माणसं शेजारी बसतात."

गडग्यापलीकडून भागोजीचा आवाज आला, "दोन माणसं शेजारी बसतात? मग हा इलाज मी रोजच करतो, डाक्तर!"

"गप ऱ्हावा तुमी!" हौसा ओरडली. पण ऋत्विक पोट धरून हसला आणि मीही हसले.

निघताना त्याने बजावलं होतं, हे मी स्वतः ऐकलं. आपल्याकडे हे औषध मिळत नाही, कायद्याने बंदी आहे, काही माणसांचं मन त्याने बिघडतंही. हौसाने मान हलवली होती. तो गेल्यावर मात्र ती पायरीवर बसली. "बाई, तो काय म्हणाला ते सोप्पं करून सांगा."

सोपं करून सांगणं हा माझा सदतीस वर्षांचा धंदा. मी म्हटलं, "असं समज, पाटीवर एकच अक्षर गिरवून गिरवून खोल चर पडलाय. पेन्सिल कुठेही टेकवली तरी त्याच चरात घसरते. ते औषध थोडा वेळ पाटी गुळगुळीत करतं. तेवढ्यात नवं अक्षर काढून घ्यायचं."

"आणि ते अळंबीतनं येतं?"

"हो. पण आपली नव्हे गो ती. तसली. वेगळी."

ती 'तसली' म्हणत उठली. मी आठळ्या उकडायला लावल्या आणि विसरून गेले.

रविवारी जेवणं झाल्यावर गडग्यावरून हाक आली, "बाई, जरा बसायला या."

कोणाचं काय झालं? हातातली भांडी टाकून गेले, तर ओटीवर भागोजी चटईवर उताणा पडलेला. डोळ्यांवर पंचा बांधलेला, उशाशी मोबाइल आणि त्यावर भजन लागलेलं. हौसा त्याच्या उजव्या हाताला बसली होती. तिने मला डावीकडचा पाट दाखवला.

"हे काय गो?"

"इलाज," ती कुजबुजली.

"बाई आल्या?" भागोजी पंच्याखालून बोलला. "बघा काय दशा केलीय ती. आंधळी कोशिंबीर खेळायचं वय हाय काय माझं?"

"बोलू नका. काय दिसतंय?"

"काळोख."

"रंग?"

"काळा."

अर्ध्या तासाने तिने परत विचारलं, "आता काय दिसतंय?"

"आता झोप दिसतेय. तू भजन बदल बघू, हा बुवा नाकात गातो."

मला हसू आवरेना. त्याला काय खायला घातलंय हे मी विचारलं नाही. मला वाटलं, औषध मिळत नाही म्हणून हिने नुसतं बसणं तेवढं उचललं. बाई अडाणी नाही, नेमकं तेच उचललं. आपण सांगितलेलं हिला बरोबर समजलं, असं वाटून मला बरंही वाटलं. ते आठवलं की आता मान वर करवत नाही.

साडेचारला त्याने पंचा सोडला, "सुटलो बाबा," म्हणाला आणि चप्पल घालून चढण उतरून गेला. हौसाने चटई गुंडाळली.

सहा वाजायच्या आत चढणीवर आरडाओरड झाली. भागोजी वाटेतच बसला होता. तोंड उकडलेल्या कुर्लीसारखं लाल, मानेच्या शिरा टरारलेल्या, ओकाऱ्यांवर ओकाऱ्या. "बाई, छाती फुटते," एवढंच म्हणत होता. फारुकशेठचा टेंपो बंदरावरच उभा होता, त्यात घालून आम्ही हॉस्पिटलात नेलं. फारुकशेठ गाडी हाकत ओरडत होता, "मेल्या, किती प्यालास?" बरोबर बसलेला एक खलाशी शपथ घेत होता, "अर्धा गिलास, शेठ! त्याच बाटलीतली आमी पण घेतली. आमाला काय झालं?"

खरंच, त्यांना काही झालं नव्हतं. एकच बाटली, चार माणसं, आणि एकटाच लाल. दारू विषारी म्हणावी तर बाकीचे धड उभे होते.

हॉस्पिटलात डॉक्टर इरम होत्या, पंचविशीच्या असतील. सलाइन लावल्यावर त्यांनी विचारलं, "दुपारी काय खाल्लं होतं?"

"भात, आमटी असेल," मी म्हटलं.

हौसा पदर तोंडाला लावून उभी होती. पदराआडूनच म्हणाली, "अळंबी."

"कुठली अळंबी?"

"खायची नाय ती."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. "खायची नाही ती का घातलीत खायला?"

हौसाने आधी माझ्याकडे पाहिलं. "खायची ती तर आमी दरवर्षी खातो, डाक्तरीणबाई. त्यानं आजवर कोणाची दारू सुटली? म्हणजे ती न खायचीच असणार ना? बाई म्हणाल्या, आपली नाय. तसली."

मी शेजारच्या बाकावर बसले.

"कुत्र्याच्या छत्र्या म्हणतो त्या मी घेतल्या नाय," ती घाईने सांगू लागली. "कुजक्या बुंध्याशी राखाडी रंगाच्या येतात, अंड्यासारख्या, त्या घेतल्या. आणि आधी मी खाल्ल्या. शनवारी दुपारी. रविवारी सकाळपर्यंत वाट बघितली. मला काय झालं नाय, तेव्हा ताज्या काढून ह्यांना घातल्या."

शनिवारी दुपारपासून रविवार सकाळपर्यंत ही बाई आपण मरतो की जगतो याची वाट बघत बसली होती. मधल्या वेळात माझ्याकडे येऊन विळी मागून नेली होती.

"तुम्हाला काहीच झालं नाही? मळमळ, चक्कर?" डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं, खोडलं. "मग दोष अळंबीचा म्हणता येत नाही. त्यांच्या मित्रांना काही झालं नाही, मग दारूचाही म्हणता येत नाही. उरलेली आहे का ती? आणा मला."

मी रिक्षाने घरी आले. हौसाच्या चुलीमागे शनिवारची टोपली होती. आत छत्री एकही नव्हती. काळाभोर रस टोपलीच्या वेतांतून गळून जमिनीवर थारोळं झालं होतं. मी बोट बुडवलं आणि मला माझा जुना वर्ग दिसला.

तीस-बत्तीस वर्षं झाली असतील, मी तेव्हा इथल्या बंदराच्या शाळेत होते. पावसात मुलं कंटाळलेली, म्हणून मी बुंध्याशी उगवलेल्या असल्याच छत्र्या वाटीत ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांची शाई झाली. बोरू बुडवून प्रत्येकाने आपलं नाव लिहिलं. मी म्हटलं होतं, "हिला आपण शाईची छत्री म्हणू. ही लिहायची, खायची नाही." चौथीचा वर्ग होता तो, आणि भागोजी दुसऱ्या रांगेत होता.

तो काळा रस मी स्टीलच्या डब्यातून नेला. डॉक्टरांनी बघितला, वरिष्ठांना फोन केला, बराच वेळ मोबाइलवर वाचत राहिल्या. मग आम्हा दोघींना खुर्च्यांवर बसवून सांगितलं. नुसत्या रसावरून खात्रीने सांगता येणार नाही. पण शाई होणाऱ्या या छत्र्यांपैकी काहींमध्ये एक द्रव्य असतं. दारू न पिणाऱ्याला ते जाणवतही नाही. पिणाऱ्याच्या अंगात मात्र दारू पचायच्या मध्येच अडते आणि तिचंच विष होतं. छत्री खाल्ल्यावर तीन-चार दिवस, कधी पाचही, हे चालतं. "त्या परदेशी औषधाचा आणि ह्याचा काही म्हणजे काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "त्याने माणूस दारूपासून दूर कसा जातो हे अजून शोधतायत. हिने नुसती शिक्षा होते. आणि हौसाताई, शेजारची दुसरी एखादी छत्री उचलली असतीत तर तुम्ही दोघंही राहिला नसतात. खाऊन बघणं ही परीक्षा नव्हे. काही विषं दोन दिवसांनी कळतात."

भागोजीला तीन दिवस ठेवून घेतलं. इतक्या वर्षांची दारू एकदम तुटली तर झटके येतात, म्हणून त्यावरच्या गोळ्या सुरू केल्या, आणि गुरुवारी व्यसनाचं बोलणाऱ्या मॅडमकडे यायला सांगितलं. मी ऋत्विकला फोन केला. तो म्हणाला, "चूक माझी, बाई. मी त्यांच्यासमोर बोललो." मी म्हटलं, "तू बरोबरच बोललास रे. सोपं मी केलं."

सोमवारी वॉर्डात गेले तर भागोजी उशाला टेकून बसला होता. तोंडावर तेज होतं. "बाई, लागू पडलं! दारूचं नाव काढलं तरी पोटात ढवळतं." हौसा केळं सोलत होती. लग्नानंतर इतकी खूश मी तिला पाहिली नव्हती. फारुकशेठ पायाशी उभा, म्हणाला, "या अल्ला, काय इलाज हाय! भाबी, माझ्या मेव्हण्याला पण थोडी दे ती तरकारी."

सगळे हसले. मी हसले नाही. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेलं हौसाने पोटात ठेवलं होतं. पाच दिवसांची गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. आणि तिच्या मनात काय चाललंय ते मला तिच्या हातातल्या केळ्याइतकं स्पष्ट दिसत होतं. पाच दिवस झाले की ती परत बुंध्याशी जाणार.

आता काय करावं? सांगितलं तर भागोजी शुक्रवार मोजून ठेवणार. रविवारी खाल्लेली, शुक्रवारी उतरणार, आणि शनिवारी एक तारीख. न सांगितलं तर एक दिवस टोपलीत दुसरीच छत्री येणार, शिवाय फारुकशेठचा मेव्हणा. एका चुकीच्या समजुतीने हा माणूस आज सुधारलाय. ती समजूत काढून घ्यायची मी कोण? पण ती समजूत दिलीही मीच होती. त्या दिवशी घरी शिकवणीची मुलं आली, तर मी त्यांना नुसती चित्रं काढत बसवलं.

मंगळवारी वॉर्डात भागोजीला सांगितलं. ह्या वेळी सोपं केलं नाही. काय माहीत आहे, काय माहीत नाही, दोन्ही सांगितलं. पाटीची उपमाही मागे घेतली.

भागोजीने बोटं मोजली. "म्हणजे शुक्कीरवारपर्यंत."

"साधारण. नक्की कोणालाच माहीत नाही."

"कशाला सांगितलंत, बाई?" हौसाने माझ्याकडे पाहिलं नाही. "पोरांचं उत्तर चुकलं तरी तुमी कधी मारत नव्हतात म्हणे."

भागोजीच बोलला. "मला कळलं होतं. वाटीच्या काठाला काळं लागलेलं. म्हटलं, ही तर शाईची छत्री. तुमी म्हणालेलात, खायची नाय."

"मग खाल्लीस कशाला रे?"

"ही म्हणाली, काल मी खाल्ली. मग मी नाय कशी म्हणू?" तो पंख्याकडे बघत राहिला. "आणि म्हटलं, झालं काय तर झालं."

ते त्याने कुठल्या अर्थाने म्हटलं, बरं होण्याच्या की दुसऱ्या, ते मला त्याच्या तोंडावरून कळेना. विचारायचा धीर झाला नाही. डॉक्टर इरमना मात्र मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. गुरुवारी मॅडमनी त्याला दीड तास बसवून ठेवलं.

शनिवारी, एक तारखेला, दुपारचे बारा वाजले होते. माझी पाच-सहा मुलं पडवीत शुद्धलेखन लिहीत होती. भागोजी गडगा ओलांडून आला. दाढी केलेली, शर्ट धुतलेला, डोळे लाल. पायरीवर उभा राहिला.

"बाई, बसू?"

मुलं फिसकन हसली.

"बस," मी म्हटलं.

तो ओळीच्या शेवटी भिंतीला टेकून बसला. थोड्या वेळाने हौसा आली. मंगळवारपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. आताही बोलली नाही. त्याच्या पलीकडे बसून सुपातले तांदूळ निवडू लागली. मी माझा पाट उचलून त्याच्या अलीकडे आणला.

"त्या मॅडम म्हणाल्या, इच्छा लाटेसारखी येते, थोड्या वेळानं मोडते," भागोजी हळूच म्हणाला. "त्यांनी समुद्र बघितला नाय वाटतं. ही लाट नाय, बाई. भरती हाय. सहा तासांची."

"मग सहाला ओहोटी," मी म्हटलं.

"बघू."

मी मुलांना पुढचं वाक्य सांगितलं. भागोजीच्या कपाळावर घाम येत होता. दोनदा तो उठला, दोनदा पाणी पिऊन परत बसला. तिसऱ्यांदा चपलेत पाय घातला. हौसाने मान वर केली नाही. तिचा हात मात्र सुपात थांबला. त्याने चप्पल काढली.

चार वाजता फारुकशेठ आला. पायरीवरूनच म्हणाला, "काय रे, कोणी मेलं काय? दोघी दोन बाजूंना बसल्यात त्या?"

"इलाज चाललाय," हौसा म्हणाली.

"हा कर, भागोजी."

भागोजीने तोंड उघडलं. "हाऽऽ."

फारुकशेठ वाकला, नाक जवळ नेलं, परत नेलं. मुलं लेखण्या थांबवून बघत होती. "बडीशेप," तो शेवटी म्हणाला. "हात पुढं कर. थरथरतोय."

"थरथरतोय."

"उद्या सुकाणू तुझं. मी शेजारी उभा ऱ्हाणार. परवाचं परवा हुंगल्यावर."

तो चढण उतरून गेला. खाली बंदरावर लाँचवर बर्फ चढवत होते, फळ्यांचा आवाज वर येत होता. मला वाटलं, आता भागोजी उठेल. तो उठला नाही.

"अजून दोन तास हायत," म्हणाला.

माझ्या मुलांत दिशा म्हणून एक तिसरीतली आहे, तिला प्रश्नांची कधी वानवा नसते. तिने वही मिटली. "बाई, काका कशाला बसलेत? त्यांना पण शुद्धलेखन हाय?"

मी तोंड उघडलं. सोपं उत्तर जिभेवर तयार होतं. हौसा आणि भागोजी दोघंही माझ्याकडे बघत होते.

"मला पुरतं माहीत नाही गो," मी म्हटलं. "वही उघड. पुढचं वाक्य लिही."